गंजगोलाईतला तयार बाळंतविडा: काय घ्यावे, काय दुकानातच ठेवावे

लेक पहिल्या बाळंतपणासाठी वैशाखात माहेरी येणार असल्याने बाळंतविड्याची जबाबदारी ओघानेच आमच्याकडे आली, आणि ती खरेदी आम्ही लातूरच्या गंजगोलाईतील लहान मुलांच्या कपड्यांच्या एका जुन्या दुकानातून केली. गोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात. त्यांतल्या कापडाच्या रस्त्याला लागले की कोणीही हे दुकान दाखवते. येथे बाळंतविडा खोक्यात बांधून तयार मिळतो. सहा झबली, बारा लंगोट, चार दुपटी, दोन टोपडी, एक कुंची, मोहरीची उशी, छत्रीची मच्छरदाणी, काजळाची डबी आणि पावडर, असा सगळा ऐवज साडेसोळाशे रुपयांना.

कापडाच्या बाबतीत दुकानाला नावे ठेवायला जागा नाही. झबली मऊ मलमलीची, पुढून उघडी, बंदांची आहेत. मान न धरलेल्या बाळाच्या डोक्यावरून कपडा ओढावा लागत नाही, आणि शिवण बाहेरच्या अंगाला घेतलेली असल्याने ती कातडीला काचत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. अशा दिवसांत शहरी दुकानांतून मिळणारे मखमली, लोकरीसारखे संच घेऊन काय करायचे, हा प्रश्नच आहे. कुंची मात्र लाल खणाची, जरीच्या काठाची होती. ओला रुमाल तिच्यावर घासताच रुमालावर गुलाबी डाग उतरला. विक्रीला बसलेल्या बाईंनी तो पाहून स्वतःच सांगितले, “काकू, ही बारशाच्या फोटोपुरती. रोजच्याला पांढरी न्या.” असा प्रामाणिकपणा गिऱ्हाइकाला पुन्हा त्याच दुकानात आणतो.

लंगोटांचा हिशेब मात्र खोके बांधणाऱ्याने नीट केलेला दिसत नाही. पहिला आठवडा उलटला की अंगावर पिणारे बाळ दिवसाकाठी सहा वेळा तरी ओले करतेच, शी वेगळी. म्हणजे बारा लंगोट एका दिवसरात्रीत संपतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धुण्याचा ढीग पडतो. एप्रिल २०१६ मध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे बाळंतिणीच्या घरात पाण्याचा हिशेब आधी करावा लागतो. दुकानातील लंगोट दुहेरी कापडाचे आहेत, त्यांना पाणी जास्त लागते आणि ते लवकर वाळतही नाहीत. जुन्या धोतराची किंवा सुती लुगड्याची एकेरी बाळुती थोडक्या पाण्यात निघतात आणि आपल्या उन्हात बघता बघता वाळतात. म्हणून लंगोट बाराच घ्यावेत, बाळुती घरी भरपूर फाडून ठेवावीत आणि रात्रीपुरते डायपर वापरण्यात कमीपणा मानू नये.

मोहरीची उशी, काजळ आणि पावडर दुकानातच ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. उशीने डोके गोल होते, असे दुकानदार सांगतात आणि आमच्या सासूबाईही सांगत असत. परंतु बाळाला उशीशिवाय, सपाट आणि घट्ट अंथरुणावर, उताणे निजवावे, असे बालरोगतज्ज्ञ बजावून सांगतात, कारण मऊ उशीत नाक दबण्याचा धोका असतो. काजळात शिसे असू शकते आणि पावडरीची भुकटी श्वासातून छातीत जाते. माझी तक्रार याहून वेगळी आहे: या वस्तू नको म्हटल्या तरी खोक्याच्या किमतीतून एक रुपया वजा होत नाही. मच्छरदाणी चांगली आहे. त्याच वस्तूंतील हव्या तेवढ्या सुट्या घेतल्या तेव्हा मला साडेअकराशे पडले.

बाळ जन्मण्याआधी त्याचे नवे कापड घरात आणायचे नाही, हा रिवाज आमच्या घरी पाळतात, आणि दुकानाला तो चांगला ठाऊक आहे. थोडा विसार दिला की निवडलेला माल ते चिठ्ठी लावून बाजूला ठेवतात आणि बाळ झाल्यावर देतात. सेवा उत्तम आहे, पण तिच्यावर पूर्ण विसंबता येत नाही. बाळ रात्री झाले तर दुकान बंद असणार, आणि टोपडे, दुपटे तर जन्मताच लागते. शिवाय नव्या कापडाची खळ धुऊन, ते उन्हात वाळवून मगच बाळाच्या अंगाला लावायचे असते. आम्ही जावेच्या नातवाची वापरलेली दोन झबली, टोपडे आणि दुपटी धुऊन दवाखान्याच्या पिशवीत ठेवली आणि नवा माल दुकानात राहू दिला. रिवाजही राहिला, सोयही झाली.

बदलून घेण्याची मुदत आठ दिवसांची आहे. मात्र पावती हवी आणि कपडा धुतलेला नसावा. त्यामुळे रंगाची परीक्षा ओल्या रुमालाने दुकानातच उरकावी. दुकानदार त्याला हरकत घेत नाहीत.