अटलांटिस की फाल्कर टू, खोल समुद्रात जायचं तर कुठलं जहाज?

सागरविज्ञानात पीएचडी करणारी आमची एक ज्युनिअर आठवडाभर डोकं खातेय, दादा, अटलांटिसच्या मोहिमेत घुसायचं बघू का फाल्कर टूच्या? (नावातलं टू म्हणजे दोन नव्हे, 'सुद्धा' या अर्थाचं आहे, मीही आधी दोनच समजत होतो.) दोन्ही जहाजं खोल समुद्राचीच, पण जात वेगळी. अटलांटिस माणसाला खाली सोडतं, फाल्कर टू रोबो सोडतं आणि माणसं वर एसीत बसतात.

अटलांटिस अमेरिकन नौदलाच्या मालकीचं, 1997 पासून वुड्स होल ही अमेरिकेतली सागर संशोधन संस्था चालवते, लांबी 83 मीटरच्या आसपास. त्यावर आल्विन ही पाणबुडी असते, 1964 ची, पण सुटे भाग बदलत बदलत आता त्यातलं मूळचं फारसं काही उरलेलं नाही. 2022 पासून ती 6500 मीटरपर्यंत जाते, आधी 4500 च होतं. टायटॅनियमचा गोळा, आत जेमतेम दोन मीटर जागा, त्यात एक पायलट आणि दोन शास्त्रज्ञ गुडघे आखडून. सकाळी जहाजाच्या मागच्या ए-फ्रेमने (इंग्रजी ए अक्षरासारखी क्रेन) हे वीसेक टनाचं धूड उचलून पाण्यात सोडतात, वर उभे असलेले स्विमर दोर सोडवतात, मग लोखंडी वजनांच्या भाराने ती नुसती बुडत जाते, खिडकीबाहेर निळं, मग गडद निळं, मग मिट्ट काळोख, तळ गाठेपर्यंत दोन-दोन तास. आत हीटर नाही, म्हणून स्वेटर आणि लोकरीची टोपी. टॉयलेटही नाही, बाटली असते, आधीच सांगितलेलं बरं. पहिल्यांदा जाऊन आलेल्याच्या अंगावर डेकवर बर्फाच्या पाण्याच्या बादल्या ओततात, त्यातून सुटका नाही.

1977 मध्ये गालापागोसजवळ समुद्रतळावरचे गरम पाण्याचे झरे माणसांनी आल्विनमधूनच पहिल्यांदा पाहिले. त्या मोहिमेत जीवशास्त्रज्ञ एकही नव्हता, त्यामुळे सापडलेले प्राणी टिकवायला शेवटी व्होडका वापरावी लागली!

पण अडचण अशी की जहाजावर 24 शास्त्रज्ञ आणि दिवसाला खुर्च्या दोनच. हवा बिघडली की डाइव्ह रद्द. पीएचडीवाल्याचा नंबर लागेलच असं नाही.

फाल्कर टू श्मिट ओशन इन्स्टिट्यूटचं, मुळात 2011 सालचं ऑफशोअर कामाचं जहाज, स्पेनमधल्या व्हिगोत त्याचा कायापालट केला आणि 2023 मध्ये संशोधनात उतरवलं. 110 मीटर लांब, 98 जणांची सोय. त्यावरचा सुबॅस्टियन हा रोबो 4500 मीटरपर्यंतच जातो, पण केबलने बांधलेला असल्याने वीज वरून मिळते, बॅटरी संपायची भीती नाही, चित्रही थेट वर येतं. कंट्रोल रूममध्ये पायलटच्या शेजारी बसून, थांब, डावीकडे घे, तो स्पंज उचल, असं सगळ्यांनाच म्हणता येतं, आणि यूट्यूबवर लाइव्ह असल्याने पुण्यात बसलेला गाईडसुद्धा डोकावतो. मार्च 2025 मध्ये साउथ सँडविच बेटांजवळ 600 मीटरवर याच सुबॅस्टियनने जिवंत कोलोसल स्क्विड (सगळ्यात वजनदार जातीचा स्क्विड) खोल समुद्रात त्याच्या घरी पहिल्यांदा टिपला, तोही जेमतेम 30 सेंटीमीटरचं पिल्लू. जहाजाचा वेळ शास्त्रज्ञांना फुकट, अट एवढीच की डेटा सगळ्यांसाठी खुला करायचा. आल्विनला पैसा मुख्यतः अमेरिकन सरकारी अनुदानातून येतो, म्हणजे तिथला कोणीतरी प्रोफेसर पाठीशी हवाच.

हिचं काम गाळातल्या सूक्ष्मजीवांवर आहे, एकाच जागेचे डझनभर कोअर (नळीने काढलेले गाळाचे उभे नमुने) लागतात, म्हणून मी तर सरळ फाल्कर टू म्हणालो. साडेचार हजारांच्या खाली जायचं असतं तर प्रश्नच नव्हता, आल्विन. किंवा लाव्हाचा चढउतार डोळ्यांनी जोखायचा असता तर, कारण स्क्रीनवर उंचसखलपणाचा नीट अंदाज येत नाही.

परत येऊन इथे काम करायचं म्हटलं तर दोन्ही अनुभव चालतील. चेन्नईच्या एनआयओटीची (राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्था) मत्स्य 6000 ही पाणबुडी आल्विनसारखीच तिघांची, आणि त्यांच्याकडे रोसब 6000 हा केबलवाला रोबोही आहे. डिसेंबर 2024 मध्ये वास्कोच्या एनसीपीओआर या ध्रुवीय आणि सागर संशोधन केंद्राबरोबर त्यांनी हिंदी महासागरात 4500 मीटरवरच्या गरम झऱ्याचे फोटो काढले, तेही विनाकेबल रोबोने, सागर निधी जहाजावरून.

हे सगळं ऐकून तिने विचारलं काय, तर बर्फाच्या बादल्या खरंच ओततात का. कल बहुतेक अटलांटिसकडेच आहे पोरीचा.