दहा महिने रोज मराठी बायबल: वापरानंतरचा अनुभव

मार्चच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात केली, आता वाड्यावर नाताळचे तारे लागायला लागलेत. म्हणजे दहा महिने होत आले. मी म्हापशाजवळ राहते, एका पतसंस्थेत काउंटरवर काम करते. घरात देव्हारा आहे, चवथीचा गणपती आहे, सगळं आहे. बायबल वाचायला घेतलं तेव्हा दोघातिघींनी काळजीने विचारलं, "काय गं, धर्म बदलतेस की काय?" तसं काही नाही. रोजच्या जगण्यात हाताशी येईल असं त्यात काय आहे, ते मला स्वतः वाचून बघायचं होतं.

मुळात प्रश्न असा पडला. म्हापशाच्या इगर्जीतल्या (चर्चमधल्या) मिलाग्रीस सायबिणीला, म्हणजे मारियामातेला, आमच्या घरातून पिढ्यान्‌पिढ्या तेल जातं. शिरगावच्या लईराई देवीची ती बहीण, असंच आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. फेस्ताला रांगेत उभं राहायचं, तेल घालायचं, येताना खाजें घ्यायचं. पण त्या इगर्जीत जे पुस्तक वाचलं जातं त्यात काय लिहिलंय, हे चाळिशी उलटली तरी मला ठाऊक नव्हतं. शेजारच्या आंटीला विचारलं तर ती म्हणाली, "तू मराठीतच वाच, तुला समजेल." आणि मराठीत ख्रिस्तकथा वाचणं गोव्याला काही नवं नाही. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' 1616 साली इथेच, राशोलला छापलं गेलं होतं.

माझी प्रत जुन्या वळणाच्या मराठीतली, 66 पुस्तकांची आहे. आंटीच्या कॅथलिक बायबलात 73 आहेत, हे नंतर कळलं. वाचायची वेळ पहाटेची, पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजायच्या आधीची पंधरा मिनिटं. रोज एकच प्रसंग किंवा एकच परिच्छेद. बाजूला शाळकरी वही, आणि तिच्यात एक ओळ: यातलं आज काय करणार? अर्ध्याअधिक दिवसांपुढे ती ओळ कोरीच आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण रोज काहीतरी सापडेल अशा आशेने बसलात तर महिन्याभरात पुस्तक मिटून ठेवाल.

मत्तयपासून, म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या पहिल्या पुस्तकापासून, सुरुवात केली. पाचव्या अध्यायात डोंगरावरचं प्रवचन सुरू होतं आणि लगेच मिठाचा दाखला येतो: मिठाचा खारटपणाच गेला तर ते बाहेर टाकून माणसांच्या पायांखाली तुडवलं जाण्याच्या लायकीचं. माझं माहेर पेडण्यातलं आगरवाडा, मिठागरांचा गाव. मीठ विरस होतं म्हणजे काय, हे मी डोळ्यांनी बघितलेलं आहे. झावळ्यांनी शाकारलेली रास एखाद्या पावसात नीट झाकली गेली नाही, तर पाणी झिरपत राहतं आणि खारटपणा त्याबरोबर वाहून जातो. तळाशी जे उरतं ते दिसायला मिठासारखंच, करडं-पांढरं, पण जिभेला नुसती माती. माझे वडील ते वाटेवरच्या चिखलात टाकायचे. लूकमध्ये हाच दाखला पुन्हा आहे आणि तिथे म्हटलंय की असलं मीठ जमिनीलाही नको आणि खतालाही नको. शहरातल्या माणसाला हे वाक्य विचित्र वाटेल. आमच्याकडे माडांच्या मुळाशी मीठ घालतात, आणि ते तळातलं मीठ वडील माडालासुद्धा घालत नसत.

त्या दिवशी कामावर मी माझा स्वतःचा आवाज ऐकला. पासबुक भरून घ्यायला आलेल्या एका म्हाताऱ्या माणसाला मी तिसऱ्यांदा तेच सांगत होते. शब्द सगळे बरोबर होते, 'बसा काका' म्हणून झालं होतं. त्यात माया मात्र नव्हती. कधी गेली ते मला सांगता येणार नाही, एका दिवसात गेली नव्हती. वहीत लिहिलं, "काउंटरवर चेहरा वर करून बोलायचं." एवढं साधं. अजून पाळते आहे, पहिल्या तारखेची गर्दी सोडून.

नीतिसूत्रांचे 31 अध्याय आहेत, त्यामुळे तारखेप्रमाणे रोज एक वाचता येतो. ही सोय छान आहे, पण सगळे अध्याय सारखे नाहीत. पुष्कळ वचनं एकाच गोष्टीला फिरून फिरून येतात. विसाव्या अध्यायात मात्र एक असं आहे की म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बसूनच कुणी लिहिलं असावं: घेणारा "वाईट आहे, वाईट आहे" म्हणत भाव पाडतो आणि तिथून गेला की कसं स्वस्तात आणलं याची बढाई मारतो. पार्से-मांद्र्याकडून मिरच्या घेऊन येणाऱ्या बायकांशी मी वर्षानुवर्षं हेच करत आले. आता मिरच्या चांगल्या असल्या तर चांगल्या म्हणते आणि मग भाव विचारते. दोन-चार रुपये जास्त जातात.

खमिराचा दाखला पावाच्या वासात वाचला. एका बाईने थोडं खमीर तीन मापं पिठात लपवलं. मूळ ग्रीकमध्ये क्रियापद 'लपवण्या'चंच आहे. तीन मापं म्हणजे वीस-पंचवीस किलोंच्या आसपास पीठ, एका घराच्या भाकरीसाठी कुणी एवढं मळत नाही. ते अख्ख्या वाड्याचं पीठ. आमच्याकडे पूर्वी पावाला माडाची सूर, म्हणजे माडी, घालायचे, तीही अशीच दिसेनाशी होऊन काम करायची. त्या दिवशी वहीत काहीच लिहिलं नाही, पण दिवसभर बरं वाटत होतं.

आता एक इशारा, कारण माझे मे महिन्यातले बरेच दिवस त्यात वाया गेले. मोबाइलवर रोज सकाळी एक वचन येईल अशी सोय मी करून घेतली होती. मागे सूर्योदय, वर एक ओळ. यिर्मयाच्या 29व्या अध्यायातलं 11वं वचन असं दोनदा आलं: देवाच्या मनात तुमच्याविषयीचे विचार हिताचे आहेत, तुम्हाला भविष्य आणि आशा देण्याचे आहेत. माझी बदली अडकली होती, मी ते वचन त्या बदलीला लावून मोकळी झाले. पुढे पूर्ण अध्याय वाचला तेव्हा कळलं की हे पत्र बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, धरून नेलेल्या यहुदी लोकांना लिहिलेलं आहे, आणि आदल्याच वचनात सांगितलंय की 70 वर्षं पुरी झाल्यावर मी तुम्हाला परत आणीन. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांतले बहुतेक जण परत जाणारच नव्हते. त्यांना काय सांगितलं? घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा, मुलाबाळांची लग्नं करा, आणि ज्या परक्या शहरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. बदली झाली नाही. मी आहे त्याच शाखेच्या मागच्या बाजूला तुळस आणि दोन अनंत लावले. एकटं अकरावं वचन वाचून हे मला कधीच सुचलं नसतं.

वचनांचे हे आकडे मूळ लिहिणाऱ्यांनी घातलेले नाहीत, हेही तेव्हाच वाचलं. अध्याय तेराव्या शतकात पाडले गेले आणि नव्या कराराच्या वचनांना आज चालतात ते आकडे रोबेर एस्तिएन या फ्रेंच मुद्रकाने 1551 साली दिले. आकडा बोट ठेवायला चांगला. पण आकड्यापाशी गोष्ट सुरू होते आणि संपते असं समजलात तर फसाल. फिलिप्पैकरांच्या पत्रातलं 'मी सर्व काही करू शकतो' हेही तसंच आहे. परीक्षेला जाणाऱ्या मुलांच्या कंपासपेटीत ते चिकटवलेलं मी पाहिलंय. पौल या प्रेषिताने ते कैदेतून लिहिलंय आणि त्याच्या मागचंच वाक्य उपाशी राहणं आणि पोटभर जेवणं, दोन्ही मी शिकलोय असं आहे.

आता जे लिहायला जड जातं ते. मत्तय पाच, वचन 23 आणि 24: तू वेदीपाशी आपलं दान आणलंस आणि तिथे तुला आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग येऊन दान दे. मार्चमध्ये हे वाचलं तेव्हा वहीत कोरी ओळ सोडली. माझा भाऊ आणि मी तीन वर्षं बोलत नव्हतो. गोव्याच्या नागरी कायद्यात मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. वडील गेल्यावर घराच्या कागदांवर हक्कसोडीची सही मागितली गेली, मी दिली नाही. माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. म्हणून ते वचन मी ओलांडून पुढे गेले. त्याने माझ्याशी बोलायला हवं, माझ्या मनात त्याच्याविरुद्ध आहे, असा माझा हिशेब होता.

चवथीच्या आदल्या दिवशी माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळापानांची चौकट, बांधत होते. नारळ, सुपाऱ्यांचे घोस, तोरिंग, चिबूड. तोरिंग बांधताना वचनातली शब्दरचना आठवली. त्यात 'तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर' असं नाही. 'भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध' असं आहे. ते मी कधी विचारलंच नव्हतं. विचारलं नव्हतं तरी माहीत होतं: वडिलांच्या शेवटच्या चार महिन्यांत रात्री-अपरात्री धावला तो, मी रविवारी फळं घेऊन जायचे. आणि वाटणीच्या वेळी मात्र मी पहिल्या दिवशी हजर.

माटोळी अर्धी सोडली. नवऱ्याला म्हटलं येते तासाभरात, आणि स्कूटर घेऊन शिवोली-चोपडे पूल ओलांडून आगरवाड्याला गेले. तो दारात मखराच्या काठ्या तासत होता. मी म्हटलं, "दादा, बाबांचं तू एकट्याने केलंस. ते मी कधी बोलले नाही." तो बराच वेळ काठी तासत राहिला. मग वहिनीला म्हणाला, "चहा ठेव." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आमच्याकडे आला, अर्धा तास बसला, दोन नेवऱ्या खाल्ल्या. घराचे कागद होते तिथेच आहेत. सही मी अजून दिलेली नाही, देणारही नाही. पण आता वकिलामार्फत बोलत नाही, एकमेकांना फोन करतो.

दहा महिन्यांत हे एकच घडलं असतं तरी मी हा अनुभव लिहिला असता.

पावसाळ्याचं थोडक्यात सांगते. जूनमध्ये सासूबाई न्हाणीत पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. दोन महिने रात्रीची झोप नव्हती. त्या काळात लूकमधली मार्था आणि मरिया वाचून मी चिडले. एक बहीण राबते, दुसरी प्रभूच्या पायाशी ऐकत बसते, आणि बोलणी खाते राबणारी. राबणाऱ्या बाईला हा प्रसंग सोपा नाही, आणि त्याचं गोड स्पष्टीकरण मला अजून मिळालेलं नाही. आधार मिळाला तो दुसरीकडे, पहिल्या राजांच्या 19व्या अध्यायात. एलीया हा संदेष्टा थकून झुडपाखाली पडतो आणि मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. उठ, खा म्हणतो. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. तो खातो आणि पुन्हा झोपतो, त्याला झोपू दिलं जातं. दुसऱ्यांदा उठवतानाही खायलाच सांगितलं जातं, कारण वाट फार लांबची आहे. त्या आठवड्यात मी नणंदेला फोन करून म्हटलं, शनिवार-रविवार तू ये, मला झोपायचंय. ती आली. आधीच मागायला हवं होतं.

सगळंच पटतं असं नाही. मुलांना छडी लावायला सांगणारी नीतिसूत्रं, बायकांनी मंडळीत गप्प बसावं म्हणणारा पौलाच्या पत्रातला भाग, 137व्या स्तोत्राचा शेवट, यांच्यापुढे मी वहीत काट मारलीय. आंटीला हे सांगितलं तेव्हा वाटलं ती दुखावेल. ती म्हणाली, देवाशी भांडायचं असेल तर 88वं स्तोत्र वाच. ते वाचलं. त्याचा शेवट अंधारात होतो, दिलासा नाही. पुस्तकात ते तसंच ठेवलंय, याने मला धीर आला.

नव्याने घेणाऱ्यांसाठी थोडं. उत्पत्तीपासून सरळ वाचत गेलात तर लेवीयमध्ये अडकाल. मार्कपासून घ्या, 16च अध्याय आहेत. जुन्या वळणाची मराठी आठवडाभर जड जाते, परुशी, जकातदार, शोमरोनी हे शब्द एकदा कळले की मग नाही. कागद फार पातळ असतो, आपल्या पावसात पानं लाटांसारखी वाकतात. मी जुलैपासून प्रत तांदळाच्या पिंपाजवळच्या कोरड्या फळीवर ठेवते. अक्षर बारीक आहे, चष्मा लागत असेल तर मोठ्या टाइपाची आवृत्ती मागून घ्या.

सध्या रूथ चाललंय. चारच अध्याय, सासू-सुनेची गोष्ट. सासूबाई आता काठी घेऊन चालतात, सकाळी माझ्या बाजूला येऊन बसतात, म्हणून मोठ्याने वाचते. काल दुसरा अध्याय झाला. रूथ परक्या शेतात कणसं वेचते, शेताचा मालक तिला जेवायला बसवतो, हुरडा देतो. मी तिथेच पान मिटायला गेले तर सासूबाई म्हणाल्या, "आनी सासूक कितें हाडलें तिणें?" (आणि सासूला काय आणलं तिने?) मी पुन्हा उघडून थोडी पुढची ओळ दाखवली. पोट भरून उरलेलं तिने बांधून आणलं होतं.