अमेरिकेच्या एच-४ व्हिसाच्या स्लॉटपायी ४२,५०० रुपये गेले, पासवर्ड कुणालाही देऊ नका

आधीच सांगते, मी अडाणी नाही. एम.कॉम. केलंय, बँकेची सगळी कामं स्वतः करते, ओटीपी कुणाला सांगायचा नाही हे आईला मीच शिकवलं. तरीही ४२,५०० रुपये गेले आणि व्हिसाच्या मुलाखतीची हातात होती ती खरी तारीखही गेली. पैशांपेक्षा त्या तारखेचं जास्त लागतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये लग्न झालं. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर टेक्सासला, अठरा दिवसांत परत गेला. मी एच-४ साठी, म्हणजे एच-१बीवाल्याच्या बायकोला मिळणाऱ्या व्हिसासाठी, डीएस-१६० हा ऑनलाइन अर्ज भरला, २०५ डॉलरची फी भरली आणि मुंबईची १४ नोव्हेंबरची मुलाखत मिळाली. लांबची होती, पण खरी होती. जुलैत त्याचा पाय मोडला. तिसऱ्या मजल्यावर एकटा माणूस कुबड्या सावरत भात लावतोय, हे रोज व्हिडिओ कॉलवर बघायचं. अशा वेळी टेलिग्रामच्या ग्रुपवर स्लॉट, म्हणजे मुलाखतीची लवकरची तारीख, काढून देणाऱ्या एका माणसाचा नंबर दिसला. खाली पाच-सहा जणांनी त्याचे आभार मानले होते. ती खाती त्याचीच असणार, हे आता कळतंय.

"ताई, ऑगस्टचा स्लॉट काढून देतो." टोकन ८,००० रुपये. मग व्हिसाच्या वेबसाइटचं लॉगिन, पासवर्ड आणि सुरक्षा प्रश्नांची तिन्ही उत्तरं. दिली मी. स्लॉट काढणारे सगळेच हे मागतात, त्याशिवाय तो तारीख धरणार कशी, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याने पासवर्ड बदलला. म्हणाला, "तुम्ही लॉगिन करू नका, अकाउंट लॉक होईल." सारखं लॉगिन केलं तर खातं खरंच लॉक होतं, म्हणून मी गप्प बसले. तुमच्याच खात्यात तुम्हाला जाऊ नका म्हणणारा माणूस चोर आहे, एवढं धरून चला.

आठवड्याने व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली. बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे आणि फोटो, शुक्रवार ३० ऑगस्ट, मुलाखत सोमवार २ सप्टेंबर. त्याचे २०,००० पाठवले. मग 'इमर्जन्सी कोटा' म्हणून आणखी १४,५००. तारीख लवकर मिळावी म्हणून विनंती करायची सोय वेबसाइटवरच असते आणि तिला वेगळे पैसे पडत नाहीत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आधी साधी तारीख घेतलेली असावी लागते, आणि ती माझ्याकडे होतीच.

आता जी गोष्ट मला झोपू देत नाही ती. पीडीएफ मी नवऱ्याला पाठवली. तो म्हणाला, "अगं, २ सप्टेंबरला लेबर डे आहे, मला सुट्टी. मी रात्रभर जागतो, तू बाहेर आलीस की लगेच फोन कर." अमेरिकन सुट्टीला अमेरिकेची वकिलात बंद असते. त्याला माहीत होतं, मला माहीत होतं. फोनवर आम्ही दोघं ते बोललो आणि दोघांच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. सासूबाई म्हणाल्या, त्या दिवशी पोळा आहे, चांगला दिवस आहे. मी साडी कुठली नेसायची ते ठरवत होते.

परभणीहून देवगिरीने मुंबई गाठली. सकाळी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या (बीकेसी) बायोमेट्रिक केंद्राच्या दारात यादीत माझं नावच नाही. आय-७९७ (नवऱ्याच्या एच-१बी मंजुरीचं पत्र), विवाह प्रमाणपत्र, त्याच्या पगाराच्या पावत्या, सगळी फाइल छातीशी धरून फुटपाथवर उभी होते. त्या स्लॉटवाल्याला फोन लावला तर बंद.

ईमेलवरून खातं परत मिळवलं तेव्हा दिसलं की माझी नोव्हेंबरची तारीख टोकन घेतलं त्याच दिवशी सोडून दिली होती. एका फीवर तारीख बदलायच्या संधी मोजक्या असतात, त्याही संपवल्या होत्या. म्हणजे पुन्हा २०५ डॉलर.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: "पासवर्ड तुम्हीच दिला ना मॅडम?" दुसरा: "पैसे तुम्हीच पाठवले ना?" मग म्हणे, घटना मुंबईची, तिथे जा. मी म्हटलं, १ जुलैपासून नवा कायदा लागू आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्यावीच लागते. त्यांनी मला बाकड्यावर दोन तास बसवलं आणि साध्या अर्जावर शिक्का मारून दिला. सायबर शाखेत सांगितलं, साहेब बंदोबस्ताला गेलेत. गणपती बसायचे होते, बंदोबस्त असणारच, पण तिथे बसलेल्या चौघांपैकी एकालाही माझं म्हणणं लिहून घेता आलं नाही? बँक म्हणाली, यूपीआय पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काही करू शकत नाही. चार फेऱ्या झाल्या. प्रत्येक ठिकाणी मी स्क्रीनशॉट दाखवायचे आणि समोरचा माझ्याकडे असा बघायचा, जणू गुन्हा मीच केलाय.

पैसे गेल्याचं कळताच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, घरी पोचायची वाट बघू नका. मी परभणीला परतल्यावर, तिसऱ्या दिवशी लावला. तोवर त्या चोराच्या खात्यात काहीच उरलं नव्हतं. आणि तारखेचं कन्फर्मेशन स्वतःच्या लॉगिनमधून स्वतः डाउनलोड करा, कुणी पाठवलेली पीडीएफ धरून निघू नका.

फी पुन्हा भरली. नवी तारीख १८ फेब्रुवारी २०२५. लग्नाचा पहिला वाढदिवस त्याआधीच येतो. नवऱ्याचा पाय बरा झालाय, काठीशिवाय जिना उतरतो. आणि त्या स्लॉटवाल्याने दुसऱ्या नंबरवरून काल पुन्हा त्याच ग्रुपवर टाकलं: "मुंबई, हैदराबाद, एच-४ स्लॉट उपलब्ध." खाली आभार मानणारी तीच नावं आहेत.