व्हीजीए पोर्ट बघून मी खूश झालो होतो

८,३५० रुपये गेले. जुन्या ग्राफिक्स कार्डाचे ६,८००, कुरिअरचे ३५०, आणि काहीतरी गडबड आहे हे दिसत असूनही ते कार्ड विकणाऱ्या माणसालाच परत पाठवलेले १,२००. हे शेवटचे १,२०० मी अजून घरी सांगितलेले नाहीत. इथे लिहितोय, कारण याच माणसाकडून उद्या दुसरं कुणीतरी घेणार आहे.

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. तुळशीच्या लग्नानंतर सीझन लागतो, त्याआधी स्वतःचा पीसी उभा करायचा होता. हातात ३२,००० होते. बाकी सगळं दुकानातून पक्क्या बिलाने घेतलं, हे आधीच सांगतो. 'स्वस्ताच्या मागे लागलास, फसलास' हे ऐकून कान किटलेत. आय३-१२१००एफ प्रोसेसर ७,९००, एच६१० मदरबोर्ड ६,४००, १६ जीबी रॅम ३,३००, ५०० जीबी एनव्हीएमई ड्राइव्ह २,९००, ४५० वॉटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) २,६००, कॅबिनेट १,८५०. झाले २४,९५०. उरलेल्या ७,०५० मध्ये ग्राफिक्स कार्ड, म्हणजे स्क्रीनवर चित्र उमटवणारं कार्ड, बसवायचं होतं. ते घेणं भागच होतं, कारण प्रोसेसरच्या नावातला 'एफ' म्हणजे त्याच्या आत ग्राफिक्स नाही. बिनएफचा १२१०० त्याच दुकानात १०,६०० ला होता. २,७०० जास्त घातले असते तर आतल्या ग्राफिक्सवर, त्यातल्या क्विक सिंकच्या (व्हिडिओचं काम वेगाने करणाऱ्या सोयीच्या) जोरावर, हा सीझन निघून गेला असता. दुकानदार तेच सांगत होता. मला वाटलं, महागाचा माल गळ्यात मारतोय.

जुन्या वस्तूंच्या जाहिरातींत जीटीएक्स १०५० टीआय हे कार्ड दिसलं. ४ जीबी, ६,८००. शंका यावी इतका तो भाव कमी नव्हता, आणि यातच तो विकणारा हुशार. दोन हजारांत देतो म्हणाला असता तर मी ढुंकूनही बघितलं नसतं. बोलायला गोड. "दादा, आधी व्हिडिओ बघा, मग पैसे टाका." व्हिडिओत डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव बरोबर, टास्क मॅनेजरमध्ये ४ जीबी. जुन्या कार्डाच्या बायोसमध्ये (कार्डातच साठवलेल्या मूळ प्रोग्रॅममध्ये) नाव आणि मेमरीचा आकडा बदलून ठेवतात आणि विंडोज बिचारं तेच वाचून दाखवतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. अशा व्हिडिओवर काडीचा विश्वास ठेवू नका.

आता ती गोष्ट, जी आठवली की रात्री झोप उडते.

मी मागच्या बाजूचा फोटो मागवला होता. स्वतःहून मागवला होता! फोटोत तीन पोर्ट स्वच्छ दिसत होते: एचडीएमआय, डीव्हीआय आणि जुन्या मॉनिटरना लागणारा निळा व्हीजीए. माझ्याकडे घरचा जुना मॉनिटर आहे, दोन्ही बाजूंनी स्क्रू पिळून बसवायच्या निळ्या केबलचा. कन्व्हर्टरचे चारशे वाचले म्हणून मला आनंद झाला. मी त्याला तसं बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "म्हणूनच तुम्हाला देतोय दादा, तुमच्या कामाचं आहे." १०५० टीआय २०१६ चं कार्ड आहे. त्या पिढीत त्याची चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने व्हीजीएला लागणारं अॅनालॉग आउटपुट काढूनच टाकलं, त्यामुळे खऱ्या १०५० टीआयला व्हीजीए पोर्ट नसतोच. खोटेपणाचा पुरावा माझ्या फोनमध्ये पैसे देण्याच्या आधीपासून होता आणि मी तो झूम करून बघत खूश होत होतो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी कार्ड आलं. सोबत पेनड्राइव्ह. "यातलाच ड्रायव्हर टाका आणि विंडोज अपडेट बंद ठेवा." असं कुणी म्हणालं की तिथेच थांबा, पार्सल परत पॅक करा. मी अपडेट बंद केलं. दोन दिवस सगळं ठीक चाललं, कारण गाणी आणि ब्राउझर याच्यापलीकडे काही चालवलंच नव्हतं. हळदीचं ४के फुटेज टाइमलाइनवर टाकलं आणि स्क्रीनवर हिरव्या-गुलाबी पट्ट्या आल्या, मशीन गोठलं. एनव्हिडियाच्या साइटवरचा ड्रायव्हर टाकला तर काळा पडदा. त्याला फोन केला. "पीस खराब निघाला असेल दादा, बदलून देतो. वरचं मॉडेल पाठवतो, फरकाचे १,२०० टाका." मी टाकले. एका लग्नाचा अॅडव्हान्स घेऊन बसलो होतो, पार्टी रोज फोन करत होती, दुसरं काय करणार होतो? त्यानंतर त्याचा फोन लागला नाही.

मग जीपीयू-झेड चालवलं, कार्डात खरी चिप कुठली आहे ते दाखवणारं सॉफ्टवेअर. दोन मिनिटांचं, फुकटचं काम. नावाच्या आधीच कंसात 'फेक' असं लिहून आलं. चिप जीएफ११६, म्हणजे २०११ च्या जीटीएक्स ५५० टीआयची. कोअर, म्हणजे चिपमधले काम करणारे भाग, १९२; खऱ्या कार्डात ७६८ असतात. पैसे देण्याआधी जीपीयू-झेडचा स्क्रीनशॉट नाही, लाइव्ह व्हिडिओ कॉलवर त्याच्याकडून चालवून घ्या, तेही तुमच्यासमोर डाउनलोड करायला लावून. नाही म्हणाला तर विषय संपला.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तक्रार केली, तक्रारीचा नंबर मिळाला. इथवर ठीक. तो घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. पहिला प्रश्न, "कसलं कार्ड, एटीएमचं?" समजावून सांगितलं. "वस्तू आली ना घरी? मग फसवणूक कसली?" अहो, सोनं म्हणून पितळ दिलं तर वस्तू आलीच की हातात! मग म्हणे तो माणूस दुसऱ्या जिल्ह्यातला, तिकडे जा. हद्दीबाहेरचा गुन्हासुद्धा नोंदवून घ्यायचा असतो, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तसं स्पष्ट आहे. मी हे म्हटल्यावर साहेबांचा आवाज चढला, "कायदा आम्हाला शिकवू नका, अर्ज ठेवून जा." पोच मागितली तर शिक्का संध्याकाळी मिळेल. संध्याकाळी शिक्कावाले सुट्टीवर. तीन खेपा झाल्या, तीन दिवसांचं काम बुडालं. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार यशस्वी आहे. जाहिरातवाल्यांनी जाहिरात काढली आणि वर मलाच 'सतर्क राहा' असा मेसेज पाठवला. मी चोरी केल्यासारखा सगळीकडे हात जोडत फिरतोय आणि ज्याने चोरी केली त्याला एक फोनसुद्धा गेलेला नाही.

दुकानातून, बिलाने असं कार्ड घेतलं असेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा आणि ग्राहक आयोगात जा, पाच लाखांपर्यंत फी नाही. घेतानाच बिलावर मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घ्या. पार्सल उघडताना न थांबता व्हिडिओ करा. मी केला होता, तेवढं एक शहाणपण.

लग्नवाल्यांचा ४,००० अॅडव्हान्स परत केला. सोमवारी परत ठाण्यात जाणार आहे. दोन्ही व्यवहारांचे बारा आकडी यूटीआर (व्यवहाराचे नंबर), जीपीयू-झेडचा स्क्रीनशॉट आणि व्हीजीएवाला फोटो यांच्या दोन-दोन प्रती काढून ठेवल्यात. पोच घेतल्याशिवाय उठणार नाही.