करिअर काउन्सेलिंगचा अनुभव, कोथरूड: एक स्टार, तोही रिसेप्शनवरच्या मुलीसाठी

नाव लिहीत नाही, मागे एका ट्रॅव्हल्सवाल्याचं नाव लिहिलं तर महिनाभर त्याचे फोन येत होते. कोथरूडला आहे, दुसरा मजला, लिफ्ट आहे पण बंद. दहावीचा निकाल लागला की या लोकांना ऊत येतो, पेपरातून पॅम्प्लेट तुमच्याकडे पण पडलं असेलच.

आमचं काम एका प्रश्नाचं होतं. लेकीला ८७ टक्के पडले आणि दोन वर्षं तिचं एकच चालूय, मला मेंटल हेल्थमधे काम करायचंय. माझे सासरे मधे डिप्रेशनमधे गेले होते, वर्षभर घरात दुसरा विषय नव्हता आणि मी त्यांना डॉक्टरकडे न्यायचे तेव्हा ही शाळेचं दप्तर घेऊन सोबत बसायची, तिथनं हे डोक्यात बसलंय. तर आता सायन्स घ्यायचं का आर्ट्स, म्हणजेच सायकियाट्रिस्ट का सायकॉलॉजिस्ट, आणि दोन्हीत नक्की फरक काय, एवढंच विचारायचं होतं. अकरावीच्या फॉर्मचा दुसरा भाग भरायला चार दिवस उरले होते. साडेचार हजार भरले.

आधी दहाही बोटांचे ठसे घेतले. मला वाटलं हजेरीसाठी असेल, तर म्हणे ही डीएमआयटी टेस्ट, ठशांवरून मेंदू कळतो. रिपोर्ट ३८ पानी, गुळगुळीत कागद, आणि त्यात पोरगी "घुबड" निघाली! गरुड, मोर, कबूतर, घुबड असे चार प्रकार असतात म्हणे आणि घुबड म्हणजे विचारी. घरी सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, अगं लेकराला घुबड म्हणाले आणि वर पैसे पण घेतले? नंतर कळलं की या टेस्टला शास्त्रीय आधार नाही असं सायकियाट्रिस्ट लोकांच्या संघटनेनंच, इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनं, सांगून ठेवलंय. म्हणजे ज्या क्षेत्राबद्दल विचारायला गेलो त्याच क्षेत्राने नाकारलेली टेस्ट करून आलो. आणि पान १७ वर दुसऱ्याच कुठल्यातरी मुलाचं नाव. ते नंतर सांगते.

मग सर आले. टाय वगैरे. मी प्रश्न विचारला तर म्हणाले, मॅडम, बिनधास्त आर्ट्स घ्या, बीए सायकॉलॉजी, मग एमए, पुढे त्यातच एमडी केलं की सायकियाट्रिस्ट. मी म्हणलं आणि एमबीबीएस? तर म्हणे तो लाँग रूट, हा शॉर्टकट. वर असंही म्हणाले की मार्क कमी पडले तर घरबसल्या करस्पॉन्डन्सने सायकॉलॉजीची डिग्री मिळते, फॉर्म आमच्याकडेच आहे, ड्रॉवर उघडून दाखवलाच. टेबलाखालून पोरीने मला लाथ मारली. जिन्यात म्हणाली, आई, आजोबांच्या डॉक्टरांच्या पाटीवर पहिलंच एमबीबीएस लिहिलं होतं.

आमच्या वरच्या मजल्यावरची मुलगी ससूनला एमडी करतीये, सायकियाट्रीच. नाईट संपवून सकाळी नऊला आली, डोळे लाल, तिला चहा दिला आणि सगळं सांगितलं. ती इतकी हसली की चहा सांडला. म्हणाली काकू, एमडीला बसायचं तर आधी एमबीबीएस लागतंच, दुसरा रस्ताच नाहीये. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायो, मग नीट ही मेडिकलची प्रवेश परीक्षा, मग इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं एमबीबीएस, मग नीट पीजी, मग तीन वर्षं एमडी. म्हणजे साडेआठ वर्षं, नीट पहिल्या फटक्यात निघाली तर. आणि एमबीबीएसला आधी प्रेतं फाडायची, डिलिव्हऱ्या करायच्या, सर्जरीच्या ओपीडीत उभं राहायचं, मन वगैरे खूप नंतर येतं. हे शेवटचं ऐकून आमच्या बाईंचा, म्हणजे लेकीचा, चेहरा जरा उतरला, आणि तेच बघायचं होतं मला.

सायकॉलॉजीच्या बाजूला पण सरांनी अर्धंच सांगितलं. एमए झालं की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट झालात असं नसतं. त्याला आरसीआय, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, त्यांनी मान्यता दिलेला कोर्स लागतो, हॉस्पिटलमधे काम करून केलेला, आणि त्यांच्याकडे नोंदणी नंबर. आत्तापर्यंत एमएनंतर दोन वर्षांचं एमफिल असायचं, यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एमफिलच बंद करायचं ठरवलं तेव्हा क्लिनिकल सायकॉलॉजीला २०२५-२६ पर्यंत मुदत दिली, आता नवीन रचना येतीये, त्यामुळे हिची वेळ येईपर्यंत नावं बदललेली असणार. तेव्हा आरसीआयची साईट बघायची, कुणा टायवाल्याला विचारायचं नाही. आणि तो करस्पॉन्डन्सचा फॉर्म? यूजीसीने २०२५ च्या जुलै-ऑगस्टपासून सायकॉलॉजीला डिस्टन्स आणि ऑनलाईन नवीन प्रवेशच बंद केलेत. हे त्यांना माहीत नसेल तर कठीणे, आणि माहीत असून फॉर्म दाखवला असेल तर अजून कठीणे.

कामातला फरक खरंतर आम्ही घरातच बघितला होता, नाव माहीत नव्हतं एवढंच. सासऱ्यांना सायकियाट्रिस्टने पहिल्यांदा बघितलं तेव्हा बीपी, शुगर, थायरॉईडचा रिपोर्ट, झोप किती, भूक किती, आधीच्या गोळ्या कुठल्या, मग औषध. पुढच्या भेटी पंधरा मिनिटांच्या, डोस वाढव, कमी कर. आणि दर गुरुवारी सायकॉलॉजिस्ट बाईंकडे पाऊण तास. त्या गोळीचं नावही लिहायच्या नाहीत, त्यांना आपल्याकडे औषध लिहायची परवानगीच नाही. त्या एक वही द्यायच्या, आज सकाळी उठून काय केलं ते लिहा. पहिल्या आठवड्यात बाबांनी लिहिलं "काही नाही". चौथ्या आठवड्यात लिहिलं, "गॅलरीत गेलो, कुंडीत पाणी घातलं, ही ओरडली की जास्त घातलं". ती वही अजून आहे. डॉक्टरांनी आणि बाईंनी दोघांनी मिळून माणूस उभा केला, एकमेकांना चिठ्ठ्या पाठवून.

शाळेत समुपदेशक, मुलांची बुद्ध्यांक चाचणी, एचआर, रिसर्च, हे पण सायकॉलॉजीतूनच. मोठी हॉस्पिटलं सोडा, पुण्यातच मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र बघा, १९८६ ला डॉ. अनिता अवचटांनी सुरू केलं, त्या येरवड्याच्या मनोरुग्णालयातल्या सायकियाट्रिस्ट, आणि आता तिथलं काम बघणाऱ्या त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर सायकॉलॉजी शिकलेल्या. आई एमबीबीएसवाली, लेक सायकॉलॉजीवाली, आणि संस्था एकच. हे एक उदाहरण सरांनी दिलं असतं तरी मी तीन स्टार दिले असते.

शेवटी आम्ही काय केलं ते सांगते, कुणाला उपयोग झाला तर. सायन्स बायो घेऊन नंतर बीए सायकॉलॉजीला जाता येतं, पण आर्ट्स घेतलं की नीटचा दरवाजा जवळजवळ बंद. म्हणून सगळे म्हणतात सायन्स घे, दोन्ही उघडं राहतं. ऐकायला बरोबर आहे, पण फिजिक्सने रडकुंडीला येणारं पोर दोन वर्षं त्यात कोंबायचं, क्लासचे लाखभर भरायचे, आणि शेवटी बारावीचे मार्क पण गेले असं व्हायला नको, हे मी माझ्या भाच्याचं बघितलंय. आमच्या बाईंना फिजिक्स जमतं आणि प्रेतांचं ऐकून चेहरा उतरला तरी दुसऱ्या दिवशी वरच्या ताईकडे जाऊन अजून विचारून आली. म्हणून सायन्स भरलं. नाही पटलं तर बारावीनंतर बघू.

पैसे परत मागितले. "प्रोसेसमधे आहे" गेले सात आठवडे. रिसेप्शनवरची मुलगी मात्र दर वेळी फोन उचलते, खोटं बोलत नाही, म्हणते ताई मला नाही वाटत मिळतील, म्हणून हा एक स्टार.

आणि हो, पान १७. दहावी झालेला मुलगा, "मोर" निघालाय, नृत्य आणि मार्केटिंगमधे उज्ज्वल भवितव्य आहे. त्याच्या आईवडिलांपैकी कुणी वाचत असेल तर ते पान माझ्याकडे आहे, येऊन घेऊन जा. आणि आमचं १७ नंबरचं पान तुमच्याकडे असेल तर राहू द्या.