भिंतीवरचा कानबान बोर्ड: गणपतीचा सीझन काढल्यानंतरचं मत

दादरला आमचं चार जणांचं डिझाइन-प्रिंटिंगचं ऑफिस आहे. पत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळांचे अहवाल, फ्लेक्स. पाडव्याच्या सुमारास कानबान बोर्ड, म्हणजे कुठलं काम कुठल्या टप्प्यावर आहे ते चिठ्ठ्यांनी दाखवणारा फळा, लावला आणि आता विसर्जन उरकलंय, त्यामुळे मत द्यायला हरकत नाही.

आधी सगळं व्हॉट्सॲप ग्रुपवर चालायचं. करेक्शन व्हॉइस नोटवर, आणि दिवसभर एकच प्रश्न, "त्या पत्रिकेचं कुठवर आलं?"

बोर्डावर रकाने पाच: मजकूर आला, डिझाइन, पार्टीकडे प्रूफ (छपाईआधी तपासायचा नमुना), प्रेस, डिलिव्हरी. एका कामाची एक चिठ्ठी. एवढं कुठल्याही वहीत होतं. फरक पडतो तो मर्यादेने. डिझाइनमध्ये एका वेळी तीनच चिठ्ठ्या. एक पुढे सरकल्याशिवाय चौथी घ्यायची नाही. टोयोटाच्या मोटार कारखान्यात इंजिनिअर ताइची ओनो यांनी हेच बसवलं होतं, पुढच्या टप्प्याला लागेल तेवढंच मागच्याने बनवायचं. २००४च्या सुमारास डेव्हिड अँडरसन यांनी मायक्रोसॉफ्टमधल्या एका सॉफ्टवेअर टीमच्या कामाला हेच तत्त्व लावलं. आमच्याकडे सुरुवातीला सगळ्यांनाच जाचलं. "ताई, छोटंसंच आहे, घेऊ का?" हे रोजचं.

मग दिसलं की तुंबतं ते प्रूफच्या रकान्यात. उशिराचं खापर मात्र डिझाइनरवर फुटायचं. अहवालाचं प्रूफ गेलं की खजिनदार नावापुढे 'सौ.' लावायला सांगणार, कार्याध्यक्ष काढायला. आता चिठ्ठीवर प्रूफ पाठवल्याची तारीख पडते, दोन दिवसांत उत्तर नाही आलं तर थेट फोन, आणि करेक्शन मंडळातल्या एकाच माणसाकडून, एकदम. माझ्या मते बोर्डाचे पैसे इथेच वसूल झाले.

तारीख देणंही सोपं झालं. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेलं सूत्र आहे: हातात बारा कामं आणि रोज सरासरी दोन बाहेर पडत असतील, तर एक काम सरासरी सहा दिवस आत राहतं. "परवा या" म्हणणं बंद केलं. दोन पार्ट्या दुसरीकडे गेल्या, जाऊ देत.

तक्रारी आहेतच. चिकट चिठ्ठ्या पावसाळ्याच्या दमटपणात टिकत नाहीत, वर पंखा. शेवटी मॅग्नेट आणले. लोकल बंद पडून घरी बसावं लागलं की भिंत दिसत नाही, म्हणून रोज ग्रुपवर फोटो टाकतो. ॲप घेता येईल, पण बाइंडिंग बघणारे मामा मोबाइलमध्ये डोकं घालणार नाहीत आणि त्यांच्याशिवाय बोर्डाला अर्थ नाही.

अर्जंट कामासाठी लाल मॅग्नेट ठेवलाय, तोही एकच. तो लागलेला असेल तर दुसरं अर्जंट काम रांगेत. श्रद्धांजलीच्या बॅनरला तो लगेच मिळतो. वाढदिवसाच्या फ्लेक्सला नाही, मग वाढदिवस नगरसेवकाचा का असेना.