आधी फी की आधी भरवसा: ईचनेट आणि ताओबाओ

विक्रेते आणि गिऱ्हाईक यांना जोडणारी ऑनलाइन बाजारपेठ काढायची आहे, पण पहिल्या दिवसापासून फी लावावी की नाही यावर घोडं अडलंय? मग चीनमधल्या या दोन कंपन्या शेजारी ठेवून बघा.

ईचनेट शांघायची, १९९९ मध्ये शाओ यीबो आणि तान हाययिन यांनी काढलेली. ईबे या अमेरिकन ऑनलाइन लिलाव कंपनीने २००२ मध्ये ३ कोटी डॉलर देऊन तिचा एक तृतीयांश हिस्सा घेतला आणि २००३ मध्ये आणखी १५ कोटींना उरलेला. त्याच वर्षी मे महिन्यात हांगचौच्या अलीबाबाने ताओबाओ सुरू केली.

फीचा फरक सरळ आहे. ईचनेट वस्तू मांडायचे पैसे घ्यायची, विकली गेली की वर टक्केवारी. ताओबाओने तीन वर्षं काहीच घ्यायचं नाही असं जाहीर केलं. पण खरी मेख पुढे आहे. टक्केवारीवर जगणाऱ्या साइटला धास्ती असते की दोघं परस्पर सौदा उरकतील, म्हणून ती त्यांना बोलूच देत नाही. चिनी गिऱ्हाईक मात्र माल अस्सल आहे का, शेवटचा भाव काय, हे विचारल्याशिवाय खिशात हात घालत नव्हतं. ताओबाओला लपवायचं काहीच नव्हतं, त्यामुळे तिने वांगवांग नावाचं चॅट थेट विक्रेत्याच्या पानावरच दिलं.

पैशांची व्यवस्था सर्वांत नीट अभ्यासावी. तेव्हा क्रेडिट कार्डं मोजक्यांकडे, आणि अनोळखी माणसाला आधी पैसे कोण पाठवणार? ऑक्टोबर २००३ मध्ये आलेल्या अलीपे या ताओबाओच्या पैसे भरण्याच्या सोयीने पैसे मध्येच धरून ठेवले. गिऱ्हाईक अलीपेकडे भरणा करतं, अलीपे विक्रेत्याला माल पाठवायला सांगतं, माल हातात पडल्यावर गिऱ्हाईक होकार देतं आणि मग रक्कम सुटते. पहिला सौदा जुन्या कॅमेऱ्याचा होता, ७५० युआनचा. यात अडतं ते होकारापाशी: माल मिळाला की लोक बटण दाबायला विसरतात. म्हणून ठरावीक मुदतीनंतर रक्कम आपोआप सुटायला हवी, आणि तक्रार आली की ती मुदत थांबायला हवी. ईचनेटनेही पुढे अनफूतोंग नावाने अशी सोय दिली, पण तोवर विक्रेते पलीकडे सरकू लागले होते.

२००४ मध्ये ईचनेट ईबेच्या जागतिक यंत्रणेवर हलवली, सर्व्हर अमेरिकेत गेले. पानं रखडू लागली, छोट्या बदलालाही तिकडची मंजुरी लागू लागली. स्थानिक साइटचं याहून मोठं नुकसान करणं अवघडच. डिसेंबर २००६ मध्ये ईबेने टॉम ऑनलाइन या चिनी इंटरनेट कंपनीबरोबर संयुक्त कंपनी करून ५१ टक्के त्यांच्याकडे दिले.

तरी फुकटाला भुलू नका. ताओबाओच्या मागे अलीबाबाचा घाऊक व्यापाराचा धंदा होता, २००४ मध्ये गुंतवणूकदारांकडून आलेले ८.२ कोटी डॉलर होते आणि २००५ मध्ये याहूने ४० टक्के हिश्श्यासाठी १ अब्ज डॉलर आणि आपला चिनी धंदा दिला. शिवाय मांडणी फुकट असली की खोटे सौदे स्वस्त पडतात. ताओबाओवर विक्रेत्याची पत गिऱ्हाइकांच्या चांगल्या शेऱ्यांच्या गुणांवर ठरायची: ४ गुणांना पहिलं हृदय, २५१ ला हिरा, १०,००१ ला मुकुट. तो मिळवायला विक्रेते एकमेकांकडून बनावट खरेदी करत. फी असती तर प्रत्येक बनावट सौद्याला पैसे पडले असते. आणि एकदा फुकटाची सवय लागली की ती मोडणं कठीण: मे २००६ मध्ये ताओबाओने पैसे देऊन यादीत वर येण्याची योजना आणली, विक्रेते खवळले, आणि जूनमध्ये मतदान घेऊन ती गुंडाळावी लागली. कमाई पुढे जाहिरातींतून आणि २००८ मध्ये ब्रँडसाठी काढलेल्या वेगळ्या ऑनलाइन मॉलमधून आली.

दोन-तीन वर्षं तोटा सोसायची ऐपत नसेल तर ताओबाओचा फुकटपणा उचलू नका, तिचं चॅट आणि पैसे धरून ठेवण्याची पद्धत उचला. वस्तू मांडायला काही घेऊ नका. टक्केवारी घ्यायचीच तर रक्कम सुटताना तिथेच कापा. परस्पर सौदा करणाऱ्याला मग ते संरक्षण मिळत नाही, त्यामुळे फोन नंबर लपवत बसावं लागत नाही.